ठकूमावशीचा घास

शेवरघाटाचं शेवटचं वळण उतरलं की उजव्या हाताला आंबेतळ लागतं. गाव लहान, पण रस्त्याला लागून खानावळींची ओळ आहे. वर पत्रा, खाली बाकडी, दाराशी पाण्याचं पिंप आणि आत चुलीपाशी बायका. कोकणात निघालेली कुटुंबं इथे हमखास थांबतात. पोरं पिंपाकडे धावतात, बाप्ये पंख्याखालची जागा धरतात, आणि आई मागून पिशव्या सांभाळत येते. इथपर्यंत सगळं कुठल्याही रस्त्यावरच्यासारखंच.

नवं माणूस चक्रावतं ते दुपार कलल्यावर. पहिल्या खानावळीतली बाई तव्यावर उलथनं वाजवते. तो आवाज ओळीनं पुढे जातो. वरच्या वळणावर, शेवरीच्या झाडाखाली, उतरणाऱ्या गाड्या आपण होऊन उभ्या राहतात; मालाचे ट्रकही आणि एस.टी.ही. खानावळीत जेवून उठलेलं गिऱ्हाईक हात धुऊन चुलीकडे जातं, पळी हातात घेतं, आणि चुलीपाशी राबणारी बाई पदराला हात पुसत बाहेर येऊन बाकावर बसते. मग गिऱ्हाईकानं तिला वाढायचं. शहरातून आलेले काही जण आधी घड्याळाकडे पाहतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही. गावातलं एखादं म्हातारं माणूस त्यांना बाजूला बसवून घेतं आणि हे असं का, ते सांगतं.

ते सांगतात की फार मागे इथे खानावळही नव्हती आणि डांबरी रस्ताही नव्हता. बैलगाडीची वाट होती. वरून गूळ, मिरची, जोंधळा उतरायचा. खालून मीठ, सुकी मासळी, नारळ चढायचे. भैरू नावाचा एक गाडीवान या वाटेनं तापानं फणफणत उतरला. पोटात काही नव्हतं. आंबेतळात तो दारोदार फिरला, आणि प्रत्येक दारात त्याला एकच उत्तर मिळालं म्हणे, की चूल विझली. चुली विझल्या नव्हत्या. माणूस अनोळखी, कोण कुठला, कुठल्या जातीचा ठाऊक नाही, म्हणून त्या विझल्या होत्या. भैरू परत वळला, शेवरीच्या झाडाखाली जाऊन निजला, तो उठलाच नाही.

त्याला शोधत त्याची बायको ठकू घाट उतरून आली. तिनं त्याचं सगळं केलं आणि मग गावाला शिव्या घालायच्या सोडून शेवराईच्या देवळात गेली. देवीच्या दगडावर हात ठेवून बोलली, "ह्या घाटानं उतरलेलं शेवटचं माणूस जेवल्याबिगर मी तोंडात घास घालणार न्हाई." तिथेच वाटेच्या कडेला तिनं तीन दगड मांडले. गावानं लाजेकाजेस्तव जागा दिली. गाडीवान जाता-येता आपल्या पोत्यातलं पसा पसा काढून द्यायचे, कोणी तांदूळ, कोणी कुळीथ. त्यावर ठकू सगळ्यांना वाढायची. जात विचारायची नाही, गाव विचारायची नाही.

तेव्हा गाड्या थोड्या. दिवस बुडायच्या आत वाट रिकामी व्हायची आणि ठकू सुखानं जेवायची. पुढे खाली बंदराला मोठी गलबतं लागायला लागली. बाजार वाढला. एक गाडी उतरून जेवायला बसते तोवर वर दुसरीची घुंगरं वाजायची. दिवस मावळला तरी पलिते लावून गाड्या उतरायच्या. शेवटचं माणूस असं कोणी राहिलंच नाही. नवस घास न घेण्याचा होता, पिण्याचा नव्हता, म्हणून ठकू भाताची पेज गाळून निवळ तेवढी प्यायची. ती नुसत्या वासावर जगत होती असं काहीजण सांगतात. वासावर कोणी जगत नाही. ती वाळत चालली होती, आणि तिच्या हातचं जेवून ढेकर देणाऱ्या एकालाही ते दिसत नव्हतं, कारण विचारलं की ती म्हणायची, "माझं झालं."

अशात एक दिवस माणदेशाकडचं एक कुटुंब गाडीनं घाट उतरलं. जिऊबाई कित्येक वर्षांनी कोकणातल्या आपल्या माहेराला निघाली होती. बरोबर लेक निवृत्ती, सून केसर आणि केसरच्या अंगावर पिणारं पोर. जिऊबाई सोवळ्याओवळ्याची फार. परक्या चुलीवरचं तिनं जन्मात खाल्लं नव्हतं. प्रवासाला चालतात म्हणून दुधातल्या दशम्यांचं गाठोडं तिनं घरून बांधून आणलं होतं, ते वाटेत त्यांच्याच बैलानं फस्त केलं. मग जिऊबाईनं जाहीर केलं, "मला आज उपास हाय." कुठल्या देवाचा, ते त्या देवालाही ठाऊक नसावं. लेक बाप्या माणूस, त्याला बाहेरचं चालतं. सून पोराला पाजते, तिला उपाशी ठेवून भागत नाही. म्हणून त्या दोघांना तिनं ठकूकडे पाठवलं आणि स्वतः पोराला घेऊन आंब्याखाली, चुलीकडे पाठ करून बसली.

केसर पानावर बसली तेव्हा तिला आधी काही सुचेना. समोर काही करायचं नव्हतं. हात मांडीवर ठेवून नुसतं बसायचं आणि कोणीतरी वाढायचं, हे लग्नानंतर तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. पानात तांदळाची भाकरी पडली. टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेली. तिनं तो पापुद्रा उचलला तशी आतली वाफ तिच्या तोंडावर आली. वाफेच्या भाकरी तिनं ढिगानं थापल्या होत्या. खाल्ली मात्र एकही नव्हती. तिचे डोळे भरून आले.

"तिखट झालं का गं पोरी?" ठकूनं विचारलं.

"न्हाई मावशी. ऊन हाय."

ठकूला काय ते कळलं असावं. तिनं न विचारता दुसरी भाकरी वाढली, ती पहिलीहून मऊ होती. केसर पोटभर जेवली. मग तिनं मान वर करून विचारलं, "तुम्ही जेवलासा, मावशी?"

"माझं झालं," ठकू म्हणाली, आणि म्हणताना ती वळलीसुद्धा.

केसरचा हात पानातच थांबला. हे दोन शब्द तिच्या ओळखीचे होते. ज्या बाईचं खरंच जेवण झालेलं असतं ती काय खाल्लं ते सांगते, मीठ-तिखटाचं सांगते. नुसतं झालं म्हणून जी पाठ फिरवते, तिचं झालेलं नसतं. केसर हात धुवायच्या निमित्तानं चुलीमागे गेली. ठकू पिठल्याचं पातेलं खरवडत होती. बोटाला पिठलं लागलं. बोट तोंडापाशी गेलं, तिथे थबकलं, आणि ठकूनं ते पदराला पुसून टाकलं.

केसरनं तिचा हात धरला. मनगट नव्हतंच, नुसतं हाड होतं. "खरं सांगा," ती म्हणाली.

ठकूनं खरं सांगितलं. आणि वर म्हणाली, "शेवटची गाडी आली की बसीन की जेवायला. येईल आता." तेवढ्यात वर घुंगरं वाजली.

"मावशी, नवस सोडा. देवी काय जीव घेती व्हय?"

"देवीचं न्हाई गं. तो त्या झाडाखाली उपाशी गेला. त्याला दिलेला शब्द हाय. त्यो सोडून मी ऱ्हाऊ कुठं?"

शब्द मोडायचा नाही, आणि तो पाळला तर ही बाई चार दिवसांत या चुलीपाशीच संपणार, एवढं तिला लख्ख दिसलं. नवस हलत नव्हता. हलू शकत होती ती वाट. केसरनं पदर खोचला आणि चढणीला लागली. निवृत्ती मागून हाका मारत राहिला.

शेवरीच्या झाडाखाली ती वाटेच्या मधोमध उभी राहिली. समोरून मिरचीची पोती भरलेली गाडी येत होती. गाडीवान सुभाना, या घाटातला जुना.

"ए बाई, सरक. उतार हाय, जू अंगावर येईल."

"चाकाखाली धोंडा घाला."

"का? खाली पूल वाहून गेला का काय?"

"मावशी जेवायची हाय."

मागच्या गाड्यांवर हशा पिकला. सुभानाही हसला. "तिचं झालं असंल की. कवाबी इचार, तिचं झालेलंच असतं."

"जेवताना कुणी बघितलंय?"

सुभानानं मागच्या गाडीवानाकडे पाहिलं. त्यानं त्याच्या मागच्याकडे. एवढी वर्षं तिच्या हातचं खाल्लेली ती माणसं; तिला जेवताना एकानंही बघितलं नव्हतं. शेवटी एक जण चिडून म्हणाला, "झालं म्हणती म्हंजी झालं. ती काय खोटं बोलंल?"

"मीबी रोज झालं म्हणते," केसर म्हणाली.

तिला परत न्यायला धापा टाकत आलेल्या निवृत्तीनं ते ऐकलं. आणि त्याच्यामागे, पोर कडेवर घेऊन चढणारी जिऊबाई होती, तिनंही ऐकलं.

जुंपलेला बैल उतारावर बसत नाही, हे कोणाही गाडीवानाला विचारा. त्या दिवशी सुभानाचे दोन्ही बैल तिथल्या तिथे बसले म्हणे, आणि त्यांच्यामागे सगळ्या गाड्यांचे बैल एकेक करून बसत गेले, थेट वरच्या खिंडीपर्यंत. शेवराईनं बसवले, असं गाव म्हणतं. बसवले असतील. पण वाट आधी केसरनं अडवली, देवी मागाहून आली.

सगळे खाली आले. ठकूनं आधी गाडीवानांना वाढलं, ते जेवून उठले. सुभाना ठकूपुढे उभा राहिला. या माणसाचा आवाज म्हणे घाटभर घुमायचा, तो आता खाली गेला होता. "मावशी, वर वाट बंद हाय. उतरलेले समदे जेवले. आता तू बस."

ठकूनं वाटेकडे पाहिलं. घुंगरं वाजत नव्हती. मग तिनं जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली आणि ती एका जागी थांबली.

"एक माणूस ऱ्हायलंय," ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. जिऊबाई उभी होती.

"आईला उपास हाय," निवृत्ती घाईनं म्हणाला.

"त्यालाच उपाशी म्हणत्यात, बाबा."

केसरनं एवढ्या गाड्या अडवल्या होत्या, पण सासूपुढे तिची जीभ उचलेना. ती खाली बघत राहिली. जिऊबाईनं कडेवरचं पोर या बाजूचं त्या बाजूला घेतलं.

"रोज?" तिनं सुनेला विचारलं.

"रोज न्हाई, आत्याबाई. भाकरी-कोरड्यास उरलं तर जेवते."

जिऊबाईनं ठकूकडे पाहिलं. आयुष्यभर सांभाळलेलं सोवळं एका बाजूला होतं आणि चुलीपाशी उभी असलेली ती हाडांची मोळी दुसऱ्या बाजूला. "माझी सासू पातेलं पालथं घालूनच मला हाक मारायची," ती म्हणाली. "मीबी झालंच म्हणायची. म्हणता म्हणता वाटाय लागलं, बाईचं असंच होतं." तिनं पोर निवृत्तीच्या हातात दिलं, पायावर पाणी घेतलं आणि पानावर बसली.

"वाढ गं बाई. थोडंच वाढ."

ठकूनं वाढलं. जिऊबाईनं पहिला घास घेतला. सगळे श्वास धरून बघत होते, ते तिला मुळीच आवडलं नाही. "काय तमाशा हाय का?" ती म्हणाली. मग चावत चावत, "पिठल्यात मीठ कमी हाय." आणि थोड्या वेळानं, कोणाकडे न बघता, "आणखी अर्धी घाल."

तिनं पान स्वच्छ केलं आणि हात धुतला. शेवटचं माणूस जेवलं.

मग केसरनं ठकूला खांद्याला धरून बसवलं. सुभानानं केळीचं पान मांडलं, निवृत्तीनं तांब्या भरून ठेवला. केसरनं मऊ भात कालवला, त्यावर ताक घातलं, बाजूला चमचाभर पिठलं वाढलं. पहिला घास ठकूनं कितीतरी वेळ तोंडात घोळवला. मिशाळ गाडीवान मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसत होते. ठकूनं दुसरा घास पिठल्याला लावला, गिळला, आणि सावकाश मान हलवली.

"कमीच हाय की गं मीठ," ती म्हणाली. "कवापासनं असं खाताय रं पोरांनो?"

"बाजार वाढला तवापासनं," सुभाना म्हणाला. "तू वाढायचीस, आमाला काय कमी पडलं न्हाई, मावशी."

ठकूमावशी त्यानंतर पुष्कळ जगली. ती असेपर्यंत गाडीवानांनी एकही दुपार चुकवली नाही. वर बैल थांबवायचे आणि पाळीपाळीनं खाली येऊन तिला वाढायचे. ज्या घरांतल्या चुली भैरूसाठी विझल्या होत्या, त्या घरांनी एकेक करून वाटेवर चुली मांडल्या. केसर सासूबरोबर कोकणात गेली आणि येताना पुन्हा इथे थांबली. तेव्हा जिऊबाईनं न सांगता दोन पानं शेजारी शेजारी मांडली, असं सांगतात.

ही हकीकत ऐकून झाली की घड्याळ पाहणारी माणसंही सहसा उठतात. कोणाला पळी नीट धरता येत नाही, कोणी भात सांडतं; बायका हसतात आणि घेतात. आजही बाकावर बसलेली बाई पान वाढून झालं तरी लगेच जेवायला लागत नाही. आधी ती सगळ्या खानावळीवर नजर फिरवते आणि विचारते, "कोण राहिलंय?" बहुतेक वेळा कुठल्यातरी टेबलाशी पोराला भरवत बसलेली एक बाई मान वर करते. तिच्यापुढचं ताट गार झालेलं असतं. ते उचललं जातं, पोर दुसऱ्या कोणाच्या मांडीवर जातं, तव्यावरून उतरलेली भाकरी तिच्या पुढ्यात येते. आणि ती जेवायला लागेपर्यंत वरच्या वळणावर गाड्या उभ्या असतात.