जुळ्या डिस्क

“आणि यातली एक मेली तर?” महाराजांनी विचारलं.

“तर दुसरीत सगळं तसंच्या तसं असतं,” सुहृद म्हणाला. “एकीवर लिहिलं की त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. एक गेली तरी काम अडत नाही.”

भुजंगगिरी महाराज चौरंगावरच्या काळ्या पेटीकडे बघत राहिले. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, आत माहिती साठवणाऱ्या दोन एसएसडी डिस्क एकत्र जोडलेल्या. या जोडणीला रेड म्हणतात, हे सुहृदनं त्यांना सांगून झालं होतं.

सुहृद ओगले पुण्याचा. कंपन्यांची माहिती सांभाळणारी यंत्रं बसवणं हा त्याचा धंदा, आणि त्यात आपला हात धरणारं कोणी नाही असं त्याला मनापासून वाटे. खोटं कशाला बोला, तो हुशार होताच.

महाराजांचा मठ धरणाच्या पाण्यात, एका टेकाडावर. मठाच्या मूळ गुरूंची पदं इथे कधी कागदावर उतरली नाहीत. ती एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी येत गेली. ज्यांना सगळी पाठ, ते पाठकरी. असे पाठकरी दोनच, स्वतः महाराज आणि रेवणगिरी. हिवाळाभर दोघांना समोर बसवून सुहृदनं सगळी पदं रेकॉर्ड केली होती आणि आज ती पेटीत घालून आणली होती. त्याबदल्यात त्याला अनुग्रह हवा होता. गेली काही वर्षं तो मागत होता, आणि महाराज दर खेपेला ‘बघू’ म्हणत.

आज सकाळी गावाकडून येताना तो पेटी मांडीवर घेऊन महाराजांच्या शेजारी होडीत ऐटीत बसला होता. रेवणगिरी मात्र काठावरच थांबले. होडीत जागा होती, तरी नावाड्यानं त्यांच्यासाठी दुसरी खेप केली. सुहृदनं कारण विचारलं तेव्हा नावाडी म्हणाला, दोन पाठकरी एका होडीत बसत नाहीत, उलटलीच तर एक तरी उरायला हवा. तेवढ्यापायी सकाळ फुकट गेली म्हणून सुहृद मनातल्या मनात चरफडला होता.

“आधी मी याहून वेगवान करणार होतो,” तो आता म्हणाला. “अर्धं पद एकीवर, अर्धं दुसरीवर. दोघी एकदम कामाला लागतात.”

“आणि एक मेली तर?”

“मग... सगळंच गेलं. उरलेल्या अर्ध्याचा काय उपयोग?”

“मग असं करतात कशाला?”

“वेगासाठी.”

“पदं ऐकायला वेग कुणाला हवाय?”

सुहृदनं पेटी त्यांच्याकडे सरकवली.

“या मरतात कशानं?” महाराजांनी विचारलं.

“लिहून लिहून. प्रत्येक लिखाणाला थोड्या झिजतात. आणि वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवल्या, तर आतलं हळूहळू विरत जातं.”

“कुठून आणल्यास?”

“एकाच दुकानातून, महाराज. एकाच दिवशी, एकाच खोक्यातल्या. मुद्दाम जुळ्या बघून घेतल्या.”

“आणि दोघींवर लिखाणही सारखंच.”

“अगदी सारखं.”

महाराजांनी डोळे मिटून एक पद धरलं.

“जळामाजी दिवा ठेविला, वाऱ्यानेच राखिला...”

दुसरा चरण झाला. तिसऱ्याला ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच थांबले.

“रेवण,” त्यांनी हाक मारली.

रेवणगिरी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. ते आत आले आणि उभ्या उभ्या त्यांनी तेच पद म्हणायला घेतलं. दुसऱ्या चरणात आवाज अडखळला. ओठ हलत राहिले, शब्द काही आला नाही.

“काल व्हतं,” ते म्हणाले. “आज न्हाई.”

सुहृदला वाटलं, आपली परीक्षा चालली आहे. तो हसणार होता, एवढ्यात महाराज पुन्हा तेच पद म्हणू लागले आणि पुन्हा तिथेच अडले. सुहृद घाबरला.

त्यानं घाईघाईनं पेटी सुरू केली. हिवाळ्यातला रेवणगिरींचा आवाज मठभर घुमला. तिसरा चरण आला, चौथा आला, पद पूर्ण झालं. रेवणगिरी हात जोडून ऐकत होते.

“ह्यो कोण म्हणतोय?” त्यांनी विचारलं.

महाराजांनी त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं.

“आम्ही दोघं एकाच वर्षी मठात आलो,” महाराज म्हणाले. “एका वयाचे. एका चटईवर बसून शिकलो. जन्मभर एका होडीत बसलो नाही...”

त्यांनी पेटीवर हात ठेवला.

“दोघं आहोत म्हणून तिसऱ्याची घाई केली नाही.”

सुहृद पेटीकडे बघत होता. एक दुकान, एक दिवस, एक खोका. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. धंद्यातल्या जुन्या माणसांनी त्याला बजावलं होतं, एका खोक्यातल्या डिस्क जोडीनं लावू नकोस, जोडीनंच जातील. त्यानं ते हसण्यावारी नेलं होतं. एक गेली तर दुसरी आहे, हे तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत आला होता. दुसरी कधी जाईल हे त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं. आणि हिवाळ्यातला तो आवाज आता पुन्हा रेकॉर्ड करता येणार नव्हता.

“यातली एक बदलतो,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या वेळची घालतो. आणि एक वेगळी प्रत मठाबाहेर, पुण्याला ठेवतो.”

“ते कर.”

अनुग्रहाचं विचारायची त्याला लाज वाटली. तो उठू लागला.

“बस,” महाराज म्हणाले. “वय काय तुझं?”

“बत्तीस.”

महाराजांनी रेवणगिरींकडे पाहिलं. रेवणगिरींनी कोपऱ्यातली चटई आणून सुहृदपुढे अंथरली.

“पेटी बंद कर. पहिलं पद म्हण, माझ्यामागून.”

“महाराज, मला पटकन पाठ होत नाही. फार वेळ लागेल.”

“लागू दे.”

सुहृदनं म्हटलं, चुकला, पुन्हा म्हटलं. रेवणगिरींना जे आठवत होतं ते त्यांनी दुरुस्त केलं. जिथे दोघंही अडले तिथेच तेवढी पेटी लावली. दुपार होईपर्यंत तीन चरण झाले. इतक्या सावकाश त्यानं आयुष्यात काही केलं नव्हतं.

मग होडी काठाला लागली. महाराजांना गावात एका आजाऱ्याला भेटायचं होतं, सुहृदला पुणं गाठायचं होतं. सकाळच्या सवयीनं तो पुढे झाला आणि त्यानं एक पाय होडीत टाकला.

महाराजांनी हातातली काठी त्याच्या आडवी धरली.

“तू मागून, दुसऱ्या खेपेनं ये,” ते म्हणाले. “आजपासून आमच्या होडीत बसायचं नाही.”