न्हानूने पाहुण्यांना समुद्रात सोडलं

कोकणात समुद्राला अगदी खेटून एक गाव होतं, आणि त्या गावात न्हानू नावाचा एक भोळा होता. भोळा म्हणजे किती? त्याला कोणी म्हटलं, "इथंच थांब, आलोच," आणि तो माणूस विसरला, तर न्हानू दुसऱ्या दिवशी तिथंच सापडायचा. वय अठ्ठावीस.

त्याची शेवंतीआत्या पाहुण्यांना कयाकमधून फिरवायची. कयाक म्हणजे ती लांबडी प्लास्टिकची होडी, वल्हं आपलं आपणच मारायचं. सकाळी डॉल्फिन बघायचे, मग बेटावर घावणे खायचे, खाडीत पाणमांजरं शोधायची, आणि दुपारी आत्याच्या हातचा बांगडा. अरे काय लाइफ!

न्हानू तिच्याकडे कामाला आला होता. बापाने बजावलं होतं, "आठ दिवस बघ. आत्या नको म्हणाली तर गुपचूप घराक ये, काजू सोलूक बस." न्हानूला काजू सोलायचे नव्हते. त्याला समुद्र हवा होता. म्हणून त्याने ठरवलं, आत्या सांगेल ते अगदी तस्संच करायचं.

पहिल्या दिवशी डॉल्फिन आले. चांगले सात-आठ! न्हानू कयाकमध्ये उभा राहून बोंबलला, "इले! इले! इले!" डॉल्फिन गेले. पाहुण्यांना फक्त पाणी दिसलं.

आत्या म्हणाली, "अरे मेल्या, जनावर दिसला की बोंबलूचा नाय. हात वर कर नि गप रव."

"होय गो आत्या. ध्यानात ठेवतंय."

आणि ठेवलं. तोच तर प्रॉब्लेम.

दुसऱ्या दिवशी बेटावर पाहुण्यांनी घावण्यांचा डबा उघडला. झाडावरून माकडं उतरली. एका माकडाने डबा घेतला, दुसऱ्याने चटणी, तिसऱ्याने एका काकांचा चष्मा. न्हानू हात वर करून गप. त्याचं बघून पाहुण्यांनीही हात वर केले. त्यांना वाटलं, इथं अशीच पद्धत असेल. माकडांनी निवांत जेवून घेतलं.

आत्याने कपाळावर हात मारला. "गप कित्या रवलंस? वल्हा आपटूचा! आरडाओरडा करून हाकलूचा!"

"होय गो आत्या. ध्यानात ठेवतंय."

तिसऱ्या दिवशी खाडीत एक ताई आल्या. पाणमांजर बघायला थेट नागपूरहून. दोन तास श्वास रोखून बसल्या होत्या बिचाऱ्या. आणि झुडपातून एक पाणमांजर आलं! मागे दोन पिल्लं! ताईंनी कॅमेरा उचलला. न्हानूने वल्हं उचललं. धाड! "हूऽऽऽ! चला निघा!" पाणमांजर निघालं. पिल्लं निघाली. ताई दचकून पाण्यात. न्हानू हात बांधून बघत बसला, कारण माणूस पाण्यात पडलं तर काय करायचं ते त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आत्या म्हणाली, "देवा! अरे, पाण्यात कोण जाताना दिसला की आधी उचलूचा नि भायर काढूचा. इचारीत बसू नको!"

"होय गो आत्या. ध्यानात ठेवतंय."

चौथ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर ही गर्दी. कासवाची पिल्लं सोडायची होती. गावातले दळवी गुरुजी दीड महिना त्या अंड्यांची राखण करत होते, पोटच्या पोरांसारखी. त्यांनी हळूच टोपली उचलली. इवली इवली पिल्लं तुरुतुरु निघाली समुद्राकडे. लोक म्हणाले, "हाऊ क्यूट!" पहिलं पिल्लू पाण्यात शिरलं, आणि न्हानूने धाव घेतली. उचललं, टोपलीत. दुसरं उचललं, टोपलीत.

"अरे काय करतोस?" गुरुजी किंचाळले.

"बुडत होती गुरुजी! एकशेसात होती. एकशेसात वाचवली!"

गुरुजी वाळूत बसले ते उठेचनात.

मग आत्याने त्याला समोर बसवलं आणि एकेक शब्द तोडून सांगितलं, "त्यांका हात लावूचा नाय. टोपली काढूची, नि त्यांनी पालथ्या पोटान वाळवेतसून आपणच समुद्रात जावचा. तसा गेला की किनारो त्यांच्या ध्यानात रवता. मग ती परत हंयच येतत. उचलून सोडलंस तर कधीच येवची नाय. समाजला?"

"होय गो आत्या. ध्यानात ठेवतंय."

पाचव्या दिवशी साताऱ्याचा हास्यक्लब येणार होता. बारा मेंबर, सगळे साठीच्या पुढचे. आत्या सकाळीच म्हणाली, "न्हानू, शेवटचा सांगतंय. आजचे पाव्हणे परत येवक होये. ते परत येतो म्हणाले तर तू हंयच रव. नायतर पयली एसटी!" आणि ती बांगडे तळायला आत गेली.

न्हानू विचारात पडला. परत यायला हवेत. परत. त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने शेजारून बारा टोपल्या आणल्या.

"पालथे पडा," पाहुणे आल्याबरोबर तो म्हणाला.

"का रे बाळा?" इनामदार काकूंनी विचारलं.

"परत येण्यासाठी."

"वॉर्म-अप असेल," क्लबचे अध्यक्ष मोहिते म्हणाले. बारा जण लाइफ जॅकेट घालून वाळूत पालथे पडले. न्हानूने प्रत्येकाच्या डोक्यावर टोपली ठेवली. काल कासवांसाठी होती तशी समुद्रापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी बांधली. बघे जमले, तसा तो कुजबुजला, "मागे सरा. फ्लॅश मारू नका, दिशा चुकते."

मग टोपल्या काढल्या. "चला, समुद्राकडे!"

आणि हास्यक्लब रांगायला लागला! हो हो हा हा करत! कयाक राहिल्या बाजूला. इनामदार काकू चुकून माडांकडे वळल्या, पण न्हानूने हात लावला नाही. मोहिते पहिले पोहोचले. लाट आली. मोहित्यांचं हो हो बंद झालं.

"अरे उचल मला! गुडघा गेला!"

"हात लावूचा नाय काका!"

आत्या सोलकढी घेऊन बाहेर आली तेव्हा अकरा जण लाटांत लोळत होते आणि बारावं माणूस माडाला धडकलं होतं. पाहुण्यांनी जेवण केलं नाही. ड्रायव्हरने सीटवर पेपर अंथरले, गाडी गेली. परत येतो असं कोणी म्हणालं नाही. मोहिते जे म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही.

"नीघ," आत्या म्हणाली. "पयली एसटी."

न्हानूने समुद्राकडे बघितलं. डोळ्यांत पाणी. पिशवी पाठीला बांधली. अंगणात आला, आणि पालथा पडला. रांगत रांगत रस्त्याकडे निघाला.

आत्या बघत राहिली. आधी तिला राग आला. मग हसू आलं. मग ती पदर तोंडात धरून इतकी हसली, इतकी हसली, की तिचा सगळा राग उतरला. ती धावत गेली, त्याचा दंड धरायला वाकली. "ऊठ मेल्या! चल घरात. खय जाव नको, हंयच रव माझ्याकडे!"

न्हानू जीव खाऊन ओरडला, "हात लावू नको गो आत्या! हात लावलंस तर परत कसो येतलंय?"

आणि तसाच रांगत गेला. एसटी स्टँड तिथून तीन किलोमीटर आहे. सगळा चढ.