बगळ्याची फेरमोजणी

समुद्रांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका बेटावर शंखात राहणारे खेकडे होते. राज्यपाल निवडताना प्रत्येकाने अंगावरचा शंख उतरवून आपल्या उमेदवारापुढे ठेवायचा, मोजणी झाली की परत चढवायचा, अशी त्यांची रीत.

त्या वर्षी कासवाविरुद्ध बगळा उभा राहिला. म्हाताऱ्या रेवा खेकडीने शंख कासवापुढे ठेवला. बाकीच्यांनीही तेच केलं. बगळ्यापुढे नुसती वाळू.

"हरलो, कबूल," बगळा म्हणाला, "पण एकदा फेरमोजणी होऊ द्या."

"त्याचा हक्कच आहे तो," म्हणत कासवाने सावकाश पहिला शंख पुन्हा उचलला.

रेवाचं उघडं अंग उन्हात चरचरत होतं. सगळ्यांचे डोळे शंखांवर होते. बगळ्याचे तेवढे उघड्या मतदारांवर. शेजारणीला सांगायला रेवा वळली, तर शेजारीण जागेवर नव्हती.