गोजराच्या नेमाचं उद्यापन

ऐका बाळांनो. पाय पोटाशी घ्या, दिव्याकडे बघा, आणि गोजराच्या नेमाची कहाणी ऐका.

गोजरानं एकदा नेम धरला होता. तेव्हा ती एवढीशी होती. पुढचे दात पडलेले, परकर पायात येणारा, बोलताना ओठांतून फुरफुर वारा निघणारा. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला, तशा मेंढेवाडीतल्या बायका देवळाच्या ओट्यावर जमल्या. कुणी म्हणाली, "मी वांगं सोडलं." कुणी म्हणाली, "मी कांदा सोडला." शेजारच्या शेवंताकाकूनं गूळ सोडला, आणि सोडताना असा सुस्कारा टाकला की देवीला सुद्धा दया आली असेल. तेवढ्यात गोजरा पुढं झाली आणि म्हणाली, "मी माग सोडला."

माग म्हणजे घोंगड्या विणायचा माग. गोजराची आई अंबू घोंगड्या विणायची. वडील देवाघरी गेलेले, घरात ह्या दोघीच. नेमाच्या आदल्या दिवशी गोजरानं हौसेनं आईच्या मागावर बसून एक चिमुकली घोंगडी विणली होती. तिची एक कड इकडं पळाली, दुसरी तिकडं. ओट्यावर ती घोंगडी हातोहात फिरली आणि शेवंताकाकू म्हणाली, "अगं बाई, ही घोंगडी म्हणायची की गुरांची पायवाट?" सगळ्या खळखळून हसल्या. गोजराच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या. म्हणून तिनं माग सोडला, आणि काळ्या लोकरीचा एक धागा मनगटाला बांधला.

पुढं कार्तिकी आली. नेमाचं उद्यापन करायचं असतं ना? म्हणजे देवीला नैवेद्य दाखवायचा, कुणाला तरी जेवू घालायचं, आणि सोडलेली वस्तू पुन्हा धरायची. बायकांनी भरली वांगी केली. शेवंताकाकूनं गुळाचा खडा डोळे मिटून चघळला. गोजरा मात्र कणगीमागं लपून बसली. तिनं उद्यापन केलंच नाही.

ह्या गोष्टीला वर्षं लोटली. कुणी "गोजरा, मागावर बस की" म्हटलं की ती सांगायची, "माझा नेम आहे." नेम म्हटला की आपल्याकडं कुणी बोट लावत नाही. आई सुद्धा गप्प राहायची. नेम लहान मुलीचा असला तरी नेमच.

पण एक गोष्ट गोजरानं कुणालाच सांगितली नव्हती. ती "नको" म्हणाली, की मनगटावरच्या धाग्याला आपोआप एक नवा वेढा पडायचा. आधी तो एकच होता. मग मनगट भरलं. आता तो काळा काळा धागा कोपराच्या वर चढला होता आणि रात्री झोपेत तिचा हात हळूच आवळायचा. दुसऱ्या कुणाला तो दिसत नव्हता.

त्या वर्षी थंडी वेगळीच आली. डोंगरावरून पांढरंशुभ्र धुकं उतरायचं आणि दुपार झाली तरी हलायचं नाही. अंबूच्या हातांची बोटं सुजून हळकुंडासारखी झाली, आडवा धागा फेकायचा धोटा धरवेना. मागावर तिच्या स्वतःसाठी लावलेली घोंगडी अर्धीच राहिली. आजवर तिनं गावाला ऊब दिली, पण स्वतःच्या अंगावर मात्र जुनी, चाळणीसारखी झालेली घोंगडी. रात्रभर ती थडथडायची. छातीत खोकला घरघरायचा. उशाला कसलीशी काळी घडी घेऊन ती पडून असायची.

वैदूआजा म्हणाला, "अंबूला औषध काय देऊ? हिला ऊब पाहिजे. ह्या अमावस्येची थंडी उघड्या अंगानं काढवणार नाही हिला."

आईनं गोजराकडं बघितलं. गोजरानं मागाकडं. तिच्या ओठांवर "नको" आलं, आणि धागा खांद्यापाशी सरकला.

"मी काटक्या आणते, आई. शेकोटी करू," असं म्हणून ती निघाली. आईनं तिच्या ओटीत अर्धी भाकरी बांधली. गोजरानं ती खाल्ली नाही. संध्याकाळी आईलाच द्यायची, असं तिनं ठरवलं.

रानात शिरली आणि धुक्यानं मागची वाट पुसून टाकली. पाखरू बोलेना. पानांवरचे दवाचे मणी खाली पडत, पण त्यांचा आवाज येत नव्हता. आणि मग, त्या शांततेत, कुठून तरी आलं:

खट्-खटाक्. खट्-खटाक्.

गोजराच्या अंगावर काटा आला. हा आवाज ती झोपेत सुद्धा ओळखेल. माग चालला होता! पण रानात कोण विणणार? गावात तर एकच माग, आणि तो बंद पडलेला.

ती आवाजामागं गेली. झाडं बाजूला झाली आणि समोर एक मोकळी जागा दिसली, दुधाच्या वाटीसारखी गोल आणि पांढरी. मधोमध रुपेरी माग. मागावर एक परी बसलेली. तिचे पंख कोळ्याच्या जाळ्याचे, त्यांवर दवाचे इवले इवले हिरे. केसांत निळे काजवे. किती सुंदर होती म्हणून सांगू! पण तिच्या पापण्या लवत नव्हत्या, आणि पायांखालचं एकही गवताचं पातं वाकलं नव्हतं. तिच्या मागातून कापड नाही, धुकं निघत होतं. थरावर थर, थरावर थर, आणि ते उतारावरून मेंढेवाडीकडं सरपटत जात होतं.

"ये, गोजरा," परी म्हणाली. ओठ समोर हलले, पण आवाज पाठीमागून आला.

गोजराला पळावंसं वाटलं. पण आईची घरघर आठवली आणि पाय थांबले. "परीबाई, तुम्ही मागितलेलं देता का?"

"देते. पण माझे दोन नियम आहेत. तुझ्या हातांना जे येतं, ते मला देता येत नाही. आणि इथं बसलेल्यांना ओढून उठवायचं नाही."

"इथं कोण बसलंय?" गोजरा कुजबुजली, पण उत्तराची वाट न पाहता तिनं परीपुढं ओंजळ धरली. "मला एक घोंगडी द्या. आईसाठी. जाड, काळीभोर, पायापर्यंत येईल अशी."

परीनं मूठ मिटली, चांदण्यासारखी फुंकर घातली, मूठ उघडली. तळहात रिकामा.

"का हो परीबाई?"

"नियम सांगितला ना, बाळ."

"पण मला नाही हो विणता येत! खरंच नाही! वाकडं होतं, सगळे हसतात!"

"मग माझा हात रिकामा का?" परी हळूच म्हणाली. "मला खोटं देता येत नाही, गोजरा. आणि हाताला खोटं बोलता येत नाही."

तेवढ्यात धुकं जरासं बाजूला झालं. गोजरानं डोळे चोळून पाहिलं.

झाडाझाडाखाली मुलं बसली होती. पांढरी, पुसट, धुक्याचीच जणू. प्रत्येकाभोवती काळ्या धाग्याचं एक रिंगण. सगळी एका सुरात काहीतरी पुटपुटत होती. एक म्हणत होतं, "नको, पडशील." एक म्हणत होतं, "नको, आपल्यातलं कुणी केलंय का हे?" हनुवटीवर तीळ असलेली एक मुलगी म्हणत होती, "नको गं, आवाज फाटेल." त्यांच्या तोंडून निघालेलं प्रत्येक "नको" धाग्यासारखं लांबत जायचं आणि परीच्या मागात शिरायचं.

आणि त्या टोकाला, उंबराखाली, पुढचे दात पडलेली एक चिमुरडी बसली होती. तिचा परकर गोजरानं लगेच ओळखला. आईनं शिवलेला, लाल काठाचा. आता तो गोजराला कधीचाच आखूड झाला होता.

"तू कोण गं?" गोजरानं विचारलं, जरी तिला उत्तर ठाऊक होतं.

"तूच ठेवलंस ना मला इथं," चिमुरडी म्हणाली. तिच्या ओठांतून फुरफुर वारा निघाला. "म्हणालीस, बस. नंतर ऊठ म्हणालीच नाहीस."

"तेव्हापासून इथंच?"

"हो. नेमात आहे मी. उद्यापन झालं नाही ना. थंडी खूप आहे इथं. भूक पण."

गोजराच्या डोळ्यांतून टपटप पाणी आलं. तिनं हात पुढं केला, पण रिंगण करकचून आवळलं आणि चिमुरडी कळवळली. "ओढू नकोस!"

ओढून उठवायचं नाही. मग काय करायचं? गोजरानं डोळे पुसले. उद्यापनात काय करतात? जेवू घालतात. तिनं ओटीतली अर्धी भाकरी काढली. आईची भाकरी. थोडा वेळ ती हातातच राहिली. मग गोजरा रिंगणाबाहेर मांडी घालून बसली आणि तिनं एक घास मोडला.

"जेव गं बाई. तुझी कड वाकडी झाली, होऊ दे. तू पहिल्यांदा बसली होतीस. मीच तुला रागावून इथं बसवलं. तुझा नेम मी आज सोडवते."

चिमुरडीनं घास घेतला. गाल गुलाबी झाले. दुसरा घास घेतला. डोळ्यांत चमचम चांदणी आली. "मग मी परत बसू मागावर?"

"बस."

रिंगण सुटलं. चिमुरडी हसली, पुढचे दात नसलेलं ते हसू, आणि दवाच्या थेंबासारखी टपकन गोजराच्या तळहातात विरली. तळहात निखाऱ्यासारखा ऊबदार झाला. खांद्यापासून मनगटापर्यंतचा काळा धागा सरसर उतरला आणि गवतात त्याचा लठ्ठ गुंडा झाला.

"वाया घालवू नकोस हो," परी म्हणाली. "लोकर चांगली आहे." पहिल्यांदाच तिचा आवाज समोरून आला. "तुझं मागणं अजून माझ्याकडं आहे. माग."

आईच्या हातांची सूज उतरवा, असं म्हणायला गोजरानं तोंड उघडलं. पण पुटपुट थांबली होती. झाडाझाडाखालची सगळी मुलं तिच्या हातातल्या उरलेल्या तुकड्याकडं बघत होती. कुणी मागत नव्हतं. नुसती बघत होती.

"परीबाई," गोजरा म्हणाली, "हा तुकडा सगळ्यांना पुरू दे. तेवढं मला येत नाही."

"आणि आई?"

"आईला ऊब पाहिजे. ती मी विणते."

परीच्या पापण्या लवल्या. तिनं तळहात उघडला आणि तो भाकरीच्या खरपूस वासानं भरून गेला. घास झाले. पिवळे, उन्हासारखे घास, मोजता न येण्याइतके. रिंगणं एकामागून एक सुटू लागली. "नको" नावाचा धागाच उरला नाही, तसा रुपेरी माग खट् करून थांबला. परी उठून उभी राहिली. आता तिच्या पायांखाली गवत वाकलं. "विणून विणून किती दमले गं मी," असं म्हणून ती हसली, आणि केशरी, गुलाबी, सोनेरी उजेड होऊन झाडांच्या शेंड्यांवरून उधळली गेली. धुकं फाटलं. समोर मेंढेवाडी ऊन खात पसरलेली.

गोजरानं लोकरीचा गुंडा उचलला, वाटेत काटक्या गोळा केल्या आणि ती धावत घरी आली. आईचं अंग गार पडत चाललं होतं. गोजरानं काटक्यांची शेकोटी पेटवली, मागाला नमस्कार केला आणि ती आईच्या अर्ध्या घोंगडीपुढं बसली.

खट्-खटाक्.

तिच्या पहिल्या ओळी वाकड्या गेल्या. कानाशी कुणीतरी हळूच म्हणालं, "नको..." गोजरा म्हणाली, "बस माझ्याजवळ. तुला पण ऊब लागेल." आणि धोटा फेकला. गुंड्यातली लोकर सरेचना. जो धागा तिचा हात आवळत होता, तोच आता आईची घोंगडी होत होता. पहाट झाली तेव्हा घोंगडी पुरी झाली, जाड, काळीभोर, पायापर्यंत. एक कड जराशी इकडं पळाली होती. पळू दे.

तिनं ती आईच्या अंगावर घातली. हळूहळू थडथड थांबली. घरघर थांबली. अंबूनं डोळे उघडले, कड चाचपली आणि उशाची काळी घडी उलगडली. ती एक चिमुकली घोंगडी होती, दोन्ही कडा पळालेली.

"हसल्या होत्या गं त्या," अंबू म्हणाली. "पण माझ्या डोक्याला हिचीच ऊब लागत होती. म्हटलं, पोरीचा नेम सुटला की दाखवीन."

सकाळी शेवंताकाकू दारात आली आणि डोळे विस्फारून म्हणाली, "काय गं गोजरे, नेम मोडलास?"

"मोडला नाही, काकू. उद्यापन केलं."

शेवंताकाकूचं बोट स्वतःच्या हनुवटीवरच्या तिळाकडं गेलं. घोंगडीची वाकडी कड चाचपून ती घराकडं वळली. आणि दुसऱ्या दिवशी, बाळांनो, तिच्या घरातून जात्याच्या घरघरीबरोबर ओवी ऐकू आली. लग्न होऊन आल्यापासून ती कधी गायली नव्हती. आवाज थोडा फाटला. सगळी मेंढेवाडी कान देऊन ऐकत राहिली.

अंबूच्या बोटांची सूज होळीपर्यंत उतरली. मायलेकी पाळीपाळीनं मागावर बसू लागल्या. पुढं गोजराच्या घोंगड्या घाटाखालच्या गावांतून लोक मागून न्यायचे, आणि प्रत्येक घोंगडीची एक कड ती मुद्दाम जराशी वाकडी ठेवायची.

तर लेकरांनो, आज निजताना आपापल्या मनगटाकडं बघा. "मला नाही जमायचं" असं म्हणून कधी काही सोडलं असेल, तर धुक्यात कुठंतरी तुमच्याच तोंडवळ्याचं एक पोर भुकेलं बसलेलं असेल. त्याला रागावू नका, ओढू नका. एक घास भरवा, आणि ऊठ म्हणा. गोजरानं केलं तसं उद्यापन तुम्ही पण करा. जशी देवी गोजराला पावली तशी तुम्हां-आम्हां पावो, आणि ही कहाणी ऐकणाऱ्याच्या हातात ऊब होऊन राहो.