पंख्याएवढा एसी

अकोल्याच्या त्या सोसायटीत जनरेटर एकच होता आणि त्याचा नियमही एकच: वीज गेली की प्रत्येकानं त्यावर फक्त पंखे आणि दिवे चालवायचे. पण यंदाच्या मे महिन्यात जनरेटर सुरू झाला रे झाला की धापा टाकून बंद पडायचा. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. अध्यक्ष ठोसरसाहेबांनी आपला नवा एसीही गुपचूप त्याच लाइनवर घेतला होता.

सभेत विषय निघताच साहेब कडाडले, "फाइव्ह स्टार एसी आहे माझा! पंख्याएवढीच वीज खातो. तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

तळमजल्यावरच्या गावंडेकाकू हसून म्हणाल्या, "साहेब म्हणतात तर खरंच असेल. मग वाद कशाला? त्यांच्या घरच्या जनरेटर लाइनला पंख्यादिव्यांपुरताच फ्यूज बसवू. एसी पंख्याएवढीच वीज खात असेल, तर तो उडणारच नाही."

आता नाही म्हणावं तर खोटेपणा उघडा पडणार. साहेबांनी मुकाट मान डोलावली.

दुसऱ्याच दुपारी वीज गेली. जनरेटर घरघरला आणि साहेबांनी ऐटीत रिमोट दाबला. एसीनं जरा कुठे जोर धरला, तोच फट्कन फ्यूज उडाला. जनरेटर मात्र चालूच राहिला, आणि बाकी सगळ्या घरांत पंखे गरगरत राहिले.

घामाघूम झालेले साहेब बनियनवरच गॅलरीत आले. खालून काकूंनी हाक मारली, "या साहेब, आमच्याकडे बसा! आमचा पंखा अगदी तुमच्या एसीएवढीच वीज खातो."