चाळीस पावलं

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं मला बजावलं आहे. बजावणाऱ्यांचंही खोटं नाही, हिच्यात दोघांची नाचक्की आहे. तरी सांगते.

‘‘...पण मला कुणी विचारलंच नाही, बाबा. मग दोष माझा कसा?’’

तलाठी भूपाल मगदूम तिसऱ्यांदा तेच म्हणाले.

चहूकडे कृष्णेचं पाणी होतं; मगदूम पंचनाम्यासाठी पहाटे चालत आले, तेव्हा उघडा असलेला बांधही आता बुडाला होता. पिराच्या टेकडीवर दर्ग्याची ओसरी तेवढी कोरडी उरली होती. तिथं दोन घोंगड्यांखाली धुळा हजारे आणि त्यांची बायको बायाक्का होती. काल दुपारी समोरच्या खोतमळ्यात शाळेची भिंत पडली, तेव्हा दोघं पाण्यात गेली. संध्याकाळी प्रवाहानं त्यांची प्रेतं टेकडीच्या पायथ्याशी आणून सोडली. शाळेत अडकलेल्यांपैकी उरलेले नऊजण शाळेजवळच्या पाण्याच्या टाकीवर चढले होते. ते अजून तिथंच होते. टेकडीवरून मोजता येत होते.

दर्ग्याचे म्हातारे फकीर बंदेअली बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते पायऱ्यांकडे बघत होते. पाणी वर येत होतं.

तेवढ्यात सैन्याच्या तुकडीचे कॅप्टन गेडाम ओसरीवर चढले. हातातला कागद त्यांनी मगदुमांपुढे धरला.

‘‘हे अक्षर तुमचं?’’

‘‘माझंच.’’

कॅप्टननी मोठ्यानं वाचलं. ‘‘खोतमळ्याच्या सरळ वाटेवर द्राक्षबागा आहेत. त्यांचे लोखंडी मांडव पाण्याखाली गेले आहेत. बोट पूर्वेकडून, उसावरून न्यावी. माहितीसाठी सविनय सादर.’’ त्यांनी कागद घडी केला. ‘‘हा मला आज सकाळी मिळाला. चार शिक्के मिरवत.’’

‘‘मी काल अकरालाच दिला होता. तहसीलच्या साहेबांकडे. रीतसर.’’

‘‘माझी बोट साडेअकराला सुटली. वीस मिनिटांत पंखा तारेत गुंतला. अडीच तास आम्ही पाण्यात बुड्या मारून तारा कापत होतो. भिंत पडताना डोळ्यांनी बघितली. तुम्ही कुठं होतात?’’

‘‘काठावर.’’

‘‘बोट सुटली तेव्हा माझ्यापासून किती लांब?’’

‘‘असेन... चाळीस पावलं.’’

‘‘मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?’’

‘‘दोरी होती, साहेब. तुमच्याच जवानांनी बांधलेली. नागरिकांनी अलीकडे थांबा म्हणाले.’’

‘‘ती गर्दीसाठी होती! तुमच्यासाठी नव्हती.’’

‘‘तसं दोरीवर लिहिलं नव्हतं.’’

कॅप्टन संतापानं लाल झाले. मगदूमही मग थांबले नाहीत.

‘‘आणि तुम्ही तरी कुणाला विचारलंत? आलात, नकाशा उघडलात, निघालात.’’

‘‘नकाशात तिथं मोकळं रान आहे.’’

‘‘नकाशाला काय ठाऊक? पीकपाहणी मी केली, पायी. ऊस लवतो, साहेब. तार लवत नाही.’’

 दोघंही एकदमच बाबांकडे वळले.

‘‘बाबा, तुम्हीच सांगा,’’ कॅप्टन म्हणाले. ‘‘या दोघांचा जाब कुणी द्यायचा?’’

बाबा उठले. ओसरीच्या कडेला गेले, घोंगडीची भिजायला आलेली किनार त्यांनी वर केली.

‘‘पाणी आलं. आधी यांना मागच्या चौथऱ्यावर न्या.’’

‘‘जवानांना बोलावतो.’’

‘‘ते बोटीपाशी हायेत, कप्तान. तुमी दोघं हाय की.’’

कॅप्टननी धुळांना डोक्याकडून धरलं, मगदुमांनी पायांकडून. टाचांच्या भेगांत गाळ बसला होता. मगदुमांनी नजर वर घेतली.

वाट अरुंद होती. कॅप्टन उलटे चालत होते.

‘‘पायरी,’’ मगदूम म्हणाले.

कॅप्टननी टाच उचलली.

‘‘अजून एक. डावीकडे नको, शेवाळ आहे.’’

मग बायाक्का. या खेपेला उलटं चालायची पाळी मगदुमांची होती.

‘‘वाका,’’ कॅप्टन म्हणाले. ‘‘कमान आहे... हां. आता या.’’

त्यांनी बायाक्काला नवऱ्याशेजारी ठेवलं. घोंगडी सारखी केली.

बाबा मागून काठी टेकत आले.

‘‘तलाठी, पायरी दाखवा म्हणून कप्तानानं अर्ज केला हुता का?’’

मगदूम खाली पायरीकडे बघू लागले. 

कॅप्टननी हसायचा प्रयत्न केला, पण बाबा त्यांच्याकडे वळले होते.

‘‘आणि कप्तान, वाका म्हणताना तुमी दोरी कुठं ठेवली?’’

...

टाकीवरून कुणीतरी लाल कापड हलवत होतं. कालपासून हलवत होतं. आता हात सावकाश हलत होता.

‘‘इंजिन दुरुस्त झालंय,’’ कॅप्टन हळूच म्हणाले. ‘‘पण मंजुरीशिवाय नागरिकाला वाटाड्या म्हणून बोटीत घेता येत नाही. वर विचारावं लागेल. उत्तर येईल दुपारपर्यंत.’’

बाबा टाकीकडे बघत राहिले.

कॅप्टननीही तिकडे बघितलं. 

‘‘हवालदार!’’ कॅप्टननी खाली हाक दिली. ‘‘एकाला उतरवा. तलाठीसाहेब पुढं बसतील, वाट दाखवायला.’’

मगदूम एक पाऊल मागं सरले. ‘‘साहेब... मला पोहता येत नाही.’’

कॅप्टननी अंगातलं जीवरक्षक जाकीट काढलं, त्यांच्या गळ्यात घातलं आणि पट्टा स्वतः आवळला.

‘‘घट्ट होतंय?’’

‘‘होऊ दे.’’

दोघं पायऱ्या उतरू लागले. पाणी गुडघ्याला लागलं, तसे मगदूम थबकले. त्यांनी मागं चौथऱ्याकडे बघितलं.

‘‘पण बाबा, यांचा पंचनामा राहिलाय. मी इथं नसलो, तर यांच्यापाशी—’’

‘‘जावा तुमी,’’ बाबा म्हणाले. ‘‘थांबायचं कसं, हे त्या दोघांना चांगलं ठावं हाय.’’