जोडीतली उरलेली तार

“आणि जी उरली आहे, ती काय करते?” कासमचाचांनी विचारलं.

डॉ. मकरंद हळब्यांना प्रश्न अगदीच बाळबोध वाटला. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या या चाचांकडेच ते लहानपणी तारा सुरात लावायला शिकले होते. आता ते जनुकांचे मोठे शास्त्रज्ञ. पण आज खिशात राजीनामा होता आणि शेजारी सहा वर्षांची लेक, रेवा. ती बोलत नव्हती. तिला झटके येत.

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, जरा तोऱ्यातच. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. रेवाच्या एका जनुकाची एक प्रत गायब आहे. उरलेली धडधाकट आहे, पण तिचं एकटीचं काम मेंदूला पुरत नाही. गेलेल्या प्रतीच्या जागी नवी प्रत मेंदूत पोचवण्याच्या खटपटीत त्यांची पाच वर्षं गेली होती. आता हात टेकले होते.

चाचांनी तंबोरा पुढे ओढला. चार तारांतली मधली जोडी, दोन्ही एकाच षड्जाच्या. त्यातली एक त्यांनी खुंटी सैल करून काढूनच टाकली.

“वाजव.”

डॉक्टरांनी वाजवला. बोट सवयीनं त्या रिकाम्या जागेकडे गेलं आणि हवेतच फिरलं. दर फेरीला तिथं खड्डा. भोपळ्याला गाल लावून बसलेल्या रेवानं मान वर केली.

“हा खड्डा म्हणजेच माझ्या पोरीचा आजार, चाचा.”

चाचांनी तंबोरा स्वतःकडे घेतला. पंचम छेडला. मग उरलेली तार... आणि तीच पुन्हा. मग खर्ज.

खोली भरून गेली. रेवाचा गाल परत भोपळ्याला टेकला.

डॉक्टरांना एकदम आठवलं.

उरलेल्या प्रतीकडूनच दुप्पट काम करून घेऊ या, असं त्यांच्या हाताखालच्या एका मुलीनं कधीच सुचवलं होतं. यांनी ते उडवून लावलं होतं. एवढा शिकलेला माणूस, पण अक्कल गहाण! त्यांनी राजीनामा काढला आणि तिथंच टराटरा फाडला.

तीन वर्षांनी ते रेवाला घेऊन, पेढे घेऊन आले. चेहरा लग्नघरातल्यासारखा. तोच दोष असलेल्या उंदरांमध्ये उरलेली प्रत दुप्पट काम करू लागली होती, त्यांचे झटके थांबले होते. आता माणसांची पाळी, रेवाची पाळी.

“जिंकलो, चाचा,” ते म्हणाले आणि ढसाढसा रडले. मग डोळे पुसत म्हणाले, की आता दुप्पट कशाला, चौपट जोर लावतो.

चाचांनी पेढा तोंडात टाकला. तो तंबोरा अजून तीन तारांचाच होता. त्यांनी रेवाचं बोट धरून जोडीतल्या एकट्या तारेवर ठेवलं.

“दोनदा छेड, बेटा. पण हळू... जोर केलास तर हीपण जाईल.”